मोबाईलवरचा हरिपाठ आणि आपली दिंडी
(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेलं भाषण)

दिंडीचे विणेकरी महाराज, चोपदार, पखवाजवाले, झेंडेकरी, टाळकरी मंडळी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या आणि हंडा घेऊन चालणाऱ्या माउली, पंगतीत वाढणारी आणि ट्रकवर सामान चढवणारी पोरं, आणि पुढं सतरंजीवर बसलेली लेकरं, सगळ्यांच्या चरणी माझा दंडवत.

मी कीर्तनकार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि दिंडीत बावीस वर्षं हिशोबाची वही सांभाळतो. म्हणून आज जे बोलणार ते प्रवचन समजू नका, हिशोब समजा. जमेचं सांगीन आणि खर्चाचंही सांगीन.

समितीनं मला विषय दिला, 'मोबाईल आणि वारकरी'. हे कळल्यावर आमच्या दिंडीतले एक जुने बाबा मला पारावर गाठून म्हणाले, "मास्तर, मपलं एक सांगा. इठ्ठल त्या मोबाईलात मावतो का?" मी म्हणालो, बाबा, इठ्ठल कुठं मावतो आणि कुठं नाही हे सांगायला मी कोण? ते संतांनी सांगून ठेवलंय. माझ्यापुढचा प्रश्न लहान आहे. मोबाईलात वारकरी मावतो का? म्हणजे सोबती मावतो का? शेजारी चालणारा, आपलं ओझं घटकाभर घेणारा, रात्री ताप चढला तर उठून पाणी देणारा माणूस तिथं भेटतो का? तेवढंच आज बोलतो.

आता बघा, आपली दिंडी पैठणहून नाथमहाराजांच्या पालखीबरोबर निघते. पाटोदा, खर्डा, परांडा, कुर्डू, अरण, करकंब करत पंढरीला पोचते. अठरा-एकोणीस दिवसांची वाट. मग वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने दिंडी कुठं असते? एक माणूस वैजापूरकडं, एक गंगापूरला, एक फुलंब्रीच्या वाडीवर, एक वाळूजच्या कंपनीत रात्रपाळीला. तरी दिंडी मोडत नाही. शंभर वर्षं मोडली नाही. निजामाच्या राज्यात मोडली नाही, बहात्तरच्या दुष्काळात मोडली नाही. ती कशानं टिकली?

माझ्याकडं दिंडीची जुनी ट्रंक आहे. तिच्यात वह्यांच्या खाली पोस्टकार्डांचा गठ्ठा आहे, सुतळीनं बांधलेला. ज्येष्ठ लागायच्या आधी दिंडीचालक गावोगाव कार्ड टाकायचे. अमक्या तिथीला पैठणात गोळा व्हायचं, पडशी आणा, भिशी एवढी, आणि खाली सगळ्यांना दंडवत. उत्तरं यायची. त्या उत्तरांत नुसतं 'येतो' नसायचं. बैल गेला, सून बाळंत झाली, म्हातारीला डोळ्यानं दिसेना, यंदा माझ्या जागी धाकटा येईल, त्याला टाळ शिकवा, असं सगळं असायचं. म्हणजे दिंडी वाटेवर चालायची अठरा दिवस, आणि बाकीचं वर्षभर कार्डावर चालायची. लांबून एकमेकांना धरून ठेवणं वारकऱ्याला नवीन नाही. मोबाईल आला तो या कार्डाच्या जागी आला, असं समजून पुढं चला.

मग आलं २०२० साल. मार्चात देऊळ बंद झालं. टाळेबंदी लागली. आषाढी १ जुलैला होती. त्या वर्षी संतांच्या पादुका मोजक्या मानकऱ्यांबरोबर एसटीनं पंढरपूरला गेल्या, पायी वारी नाहीच. आपल्यातल्या कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा ज्येष्ठ महिना घरात काढला. पायाला सवय, पाय घरात बसेनात. एक माउली मला फोनवर म्हणाल्या, "मास्तर, रातच्याला झोपेतच चालू लागले मी."

त्या दिवसांत दिंडीतल्या एका पोरानं सुचवलं की फोनवर हरिपाठ करू. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर केला, तर त्यात आठच माणसं बसायची. नववा लावायला गेलं की जागा नाही. मग पोरांनी गुगल मीट शिकवलं. पहिल्या दिवशी काय गोंधळ झाला ते आठवतंय ना? सगळ्यांनी एकदम टाळ धरले. पण आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. वैजापूरचा टाळ पैठणात मागून येतोय, फुलंब्रीचा त्याच्याही मागून. गारा पडल्यासारखा आवाज. कुणाच्या घरात कुकरची शिट्टी, कुणाची म्हैस ओरडतेय, एका आजोबांचा फोन सगळा वेळ पत्र्याकडं तोंड करून. तिसऱ्या दिवशी नियम केला. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवून घरात म्हणायचं. मग जमलं.

आणि त्या गोंधळात एक गोष्ट घडली, ती मी वहीत जमेच्या बाजूला लाल शाईनं लिहून ठेवली आहे. आठव्या की नवव्या दिवशी एक नवीन चौकोन उघडला. आत एक म्हातारी माउली, उशीला टेकून बसलेल्या. आपल्या दिंडीत तीस वर्षं तुळस वाहिलेली बाई. गुडघे गेले तशी वारी सुटली. त्याला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत आपण त्यांचं नाव पुढच्या वहीत उतरवलंच नव्हतं. नातवानं फोन धरला होता. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं, एकेकाला नावानं हाक मारली, आणि म्हणाल्या, "मला वाटलं, दिंडी मला इसरली."

खरं सांगतो माउली, त्या दिवशी मला मान वर करवली नाही. आपण म्हणायचो, वाट सगळ्यांना सामावून घेते. घेते, पण ज्याचे पाय चालतात त्यालाच. ज्याचे पाय थांबले त्याला वाट मागं ठेवते आणि पुढं जाते. मोबाईलनं त्या माउलीला परत आणलं. तिच्यामागून आणखी आले. अर्धांगवायू झालेले एक पखवाजवाले, पुण्याला लेकीकडं राहायला गेलेली एक आजी, दुबईत इलेक्ट्रिकचं काम करणारा आपलाच एक पोरगा. तो तिथल्या घड्याळानं वेळ साधून, डबा खाता खाता हरिपाठाला बसायचा. त्या वर्षी दिंडी निघाली नाही, पण मोजली तर आदल्या वर्षापेक्षा मोठी भरली.

आता कुणी म्हणेल, पाहिलं नाही, भेटलं नाही, ते नातं खरं कसं? त्याला मी आपल्याच जिल्ह्यातलं उत्तर देतो.

संत बहिणाबाई आपल्या. कन्नड तालुक्यातल्या देवगावच्या लेक, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या सून. समाधी शिऊरला आहे. घरावर संकट आलं, गाव सोडावं लागलं, फिरत फिरत कुटुंब कोल्हापूरला पोचलं. तिथं जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. तुकोबा देहूत, बहिणाबाई कोल्हापुरात. तोंड पाहिलेलं नाही. बाई ब्राह्मणाघरची, तुकोबांना लोक शूद्र म्हणायचे. मधे अंतर होतं आणि जातीची भिंतही होती. तरी नुसत्या ऐकलेल्या शब्दांवर त्यांनी तुकोबांना गुरू मानलं, ध्यास घेतला, आणि कार्तिकात त्यांना स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. हे सगळं त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांतून सांगितलं आहे. नवऱ्यानं त्यापायी मारहाण केली, तेही लपवलं नाही.

तर न भेटता नातं जुळू शकतं, याची साक्ष आपल्याच मातीत आहे. शब्द आधी पोचला, माणूस मागून. पण गोष्ट तिथं संपत नाही. बहिणाबाई कोल्हापुरात स्वप्न धरून बसल्या नाहीत. त्या देहूला गेल्या. ज्या नवऱ्यानं मारलं तोही पुढं पालटला आणि बरोबर गेला. त्यांनी तुकोबांना डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या कीर्तनाला बसल्या. शब्दानं हाक दिली आणि पायांनी ती हाक पुरी केली. हे दोन्ही ध्यानात ठेवा, कारण पुढं मला खर्चाची बाजू सांगायची आहे.

त्याआधी लेकरांबद्दल थोडं. आमच्या घरात नातू रात्री फोनवर खेळ खेळतो. कानात ते बोंडूक घालून कुणाशी तरी बोलतो. मी खूप रागवायचो. हा कसला खेळ, नसलेल्या जगात नसलेल्या माणसांबरोबर! एकदा त्यानं मला जवळ बसवून नॉर्वे देशातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. ती खरी आहे, तिच्यावर २०२४ साली चित्रपटही आला. मॅट्स स्टीन त्याचं नाव. त्याला स्नायू गळत जाण्याचा आजार. चाकाच्या खुर्चीत, पुढं पुढं बोटंच तेवढी हलायची. सगळा दिवस संगणकावर खेळायचा. त्या खेळात एक मोठं मायावी जग असतं, माणसं तिथं दुसरं रूप घेऊन हिंडतात, गप्पा मारतात. आईबापाला वाटायचं, आपलं पोरगं एकटं राहिलं, याला मित्र नाही, कुणाच्या उपयोगी पडणं नाही. २०१४ मध्ये तो पंचविसाव्या वर्षी गेला. बापानं त्याच्या इंटरनेटवरच्या वहीत, म्हणजे तो जिथं लिहायचा तिथं, तो गेल्याचं कळवलं. आणि देशोदेशींची पत्रं यायला लागली. कुणी लिहिलं, माझ्या वाईट काळात तो रोज माझ्याशी बोलला. एका आईनं लिहिलं, माझं आणि माझ्या मुलाचं बोलणं तुटलं होतं, ते त्यानं जोडून दिलं. त्या खेळातले काही सोबती दुसऱ्या देशांतून प्रवास करून अंत्यविधीला आले. कधी प्रत्यक्ष न पाहिलेल्या मित्राला निरोप द्यायला.

मी त्या रात्री नातवाला रागावलो नाही. विचारलं, तू कुणाबरोबर खेळतोस? तर एक पोरगा सिल्लोडचा, एक नांदेडचा. नांदेडच्याची आई दवाखान्यात होती, तर हे दोघं त्याला रात्री सोबत करत होते. मला काय ठाऊक? म्हणून घरातल्या मोठ्यांना माझं सांगणं आहे, पोरगं फोनवर किती वेळ असतं हे तर विचाराच, पण तिथं त्याच्याबरोबर कोण असतं हेही विचारा. खेळापायी झोप, शाळा, पैसा जातोय तर आवरा. पण सोबती असतील तर त्या सोबत्यांची चौकशी करा, जशी आपण दिंडीत नवीन आलेल्याची करतो.

आता खर्चाची बाजू.

२०२२ ला वारी पुन्हा पायी सुरू झाली. आनंद झाला. मोबाईलचा गटही तसाच ठेवला. बघता बघता त्यात दीडशेच्या वर माणसं झाली. सकाळी फुलांची चित्रं, देवाची चित्रं, कुठली तरी खोटी बातमी, कुणाच्या तरी पक्षाची जाहिरात, लवकर दर्शन करून देतो म्हणून पैसे मागणारा लबाडाचा संदेश. हरिपाठाला बसणारे कमी होत गेले आणि अंगठा दाखवणारे वाढले.

त्याच गटात आपल्या दिंडीतला एक टाळकरी होता. वाडीवरचा, दोन एकराचा धनी. आवाज असा की शेवटच्या ओळीत उभा असला तरी विण्यापर्यंत ऐकू यायचा. २०२३ च्या पावसाळ्यानंतर त्याचा चौकोन दिसेनासा झाला. एक दिवस, दोन दिवस, महिना. मला दिसत नव्हतं असं नाही. मी वही ठेवतो, हजेरी माझ्याच हातात. पण मनात म्हणालो, दीडशे माणसं आहेत, कुणीतरी विचारलं असेल. प्रत्येकानं तेच म्हटलं.

मग एका सकाळी गटात निरोप आला की तो गेला. कावीळ अंगावर काढली होती. त्या दिवशी आपल्या गटात भावपूर्ण श्रद्धांजली लिहिणारे मी मोजले. त्र्याण्णव. हात जोडलेली चित्रं वेगळी. मीही लिहिलं, चांगलं चार ओळींचं लिहिलं. आणि त्या वाडीवर गेलो नाही. माझ्या घरापासून वाडी चौदा किलोमीटर आहे. टाळेबंदी नव्हती, पाऊस नव्हता, काही निमित्त नव्हतं. त्र्याण्णवांपैकी तिघं गेले.

महिन्यानं गेलो. त्याच्या मंडळी ओट्यावर बसल्या होत्या. चहा केला. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमी लिहिलेलं पोरानं वाचून दाखवलं. लई चांगलं लिहिलं होतं. पण खांदा द्यायला चौथा माणूस हुडकावा लागला."

त्या रागानं बोलल्या नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. घरी येताना मी मोटारसायकल दोनदा थांबवली.

हे मी आज शताब्दीच्या मांडवात का सांगतोय? सत्काराच्या दिवशी कुणी असं सांगत नाही. पण वही खोटी ठेवली तर पुढच्या शंभर वर्षांचा हिशोब कशावर मांडायचा? आपण त्या माणसाबरोबर अकरा वर्षं चाललो. एका राहुटीत झोपलो. आणि तो गेला तेव्हा आपण अंगठ्यानं रडलो. यात फोनचा दोष किती? फोननं तर निरोप पोचवला. उठून जायचं काम आपलं होतं, आणि निरोप पाठवला की काम झालं असं मनाला वाटलं, तिथं आपण फसलो.

मग बसून विचार केला, वाटेवर असं का होत नाही? वाटेवर माणूस मागं राहिला तर लगेच कळतं. कारण तिथं दिंडी मोठी असली तरी राहुटी लहान असते. राहुटीत दहा-बारा जणं. एकाची पथारी रिकामी दिसली की विचारतात, कुठं राहिला? दुसरी गोष्ट, माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाला समाजआरती होते ती तुम्ही ऐकली-पाहिली असेल. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिथवर जातात, ऐकून घेतात, तोडगा काढतात, हरवलं-सापडलं पुकारतात आणि मगच आरती होते. केवढा शहाणपणा आहे बघा! सगळे गप्प असताना दुखणाऱ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून सगळ्यांनी थांबायचं.

आपल्या मोबाईलच्या गटात उलटं झालं होतं. सगळे वाजवत होते आणि दुखणारा गप्प होता.

म्हणून गेल्या दीड वर्षापासून आपण काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण स्मरणिकेत नोंद राहावी म्हणून सांगतो. एक, मोठा गट फक्त हरिपाठ आणि दिंडीच्या निरोपापुरता ठेवला. फुलं, पक्ष, जातीपातीची भांडणं तिथं बंद. दोन, त्याच्या खाली बारा-बारा जणांच्या राहुट्या केल्या. प्रत्येक राहुटीला एक जण जबाबदार. आपल्या राहुटीतलं माणूस तीन दिवस दिसलं नाही तर फोन करायचा, फोन लागला नाही तर जवळच्यानं जाऊन यायचं. तीन, आठवड्यातून एकदा, एकादशी असेल तर त्या दिवशी, हरिपाठ झाल्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ज्याला काही सांगायचं त्यानं टाळ वाजवायचा. टाळ वाजला की ऐकून घ्यायचं.

चौथी गोष्ट बायामाणसांची. वहीत बघितलं तर दिंडीत निम्म्याहून जास्त माउली, आणि गटात नंबर सगळे पुरुषांचे. फोन नवऱ्याचा किंवा पोराचा. बाईचं दुखणं नवऱ्याच्या फोनवरून कसं यायचं? बहिणाबाईंच्या जिल्ह्यात एवढं तरी आपल्याला कळायला हवं. म्हणून दुपारी घरकाम उरकल्यावर माउलींचा वेगळा हरिपाठ ठेवला, शेजारच्या चार घरच्या एका फोनवर बसतात. पहिल्याच महिन्यात तिथं तीनदा टाळ वाजला. काय वाजलं ते इथं सांगत नाही. तिन्ही घरी माणसं जाऊन आली, एवढं सांगतो.

हे करून आता सगळं चांगलं झालं, असं मी म्हणत नाही. दोन राहुट्या चालत नाहीत. काही जण फोन उचलत नाहीत. मी स्वतः एकदा चौथ्या दिवशी गेलो. पण त्या वाडीवरच्या माउलीचं पोरगं यंदा आपल्या दिंडीत टाळ घेऊन होतं. त्यानं बापाचाच टाळ आणला होता. मी त्याला बोलावलं नव्हतं. त्याच्या राहुटीतल्या पोरांनी आणलं.

फोनातून काय पोचत नाही तेही खरं सांगायला पाहिजे. पायाखालचा चिखल पोचत नाही. एकमेकांच्या पाया पडताना डोक्याला लागणारी धूळ पोचत नाही. अर्धी भाकर तोडून देता येत नाही. खांदा तर नाहीच देता येत. पण रिंगणात घोडा सुटला तेव्हा मी त्या गुडघे गेलेल्या माउलीला फोन लावला आणि वर धरला. एका हातानं. दुसऱ्यानं टाळ वाजेना म्हणून शेजारच्यानं माझा टाळ वाजवला. पलीकडून त्यांचा आवाज आला, "मास्तर, फोन थोडा खाली धरा, घोड्याचे पाय बघू द्या."

म्हणून या शताब्दीपासून वहीत मी दोन रकाने आखले आहेत. एक 'वाटेवर', दुसरा 'घरून'. ज्याचे पाय थांबले त्याचं नाव पुसायचं नाही, दुसऱ्या रकान्यात उतरवायचं. त्या माउलीचं नाव दुसऱ्या रकान्यात पहिलं आहे. वाडीवरच्या टाळकऱ्याचं नाव मी कुठल्याच रकान्यात घालू शकलो नाही. वरच्या समासात लिहून ठेवलंय, रोज वही उघडली की दिसावं म्हणून.

शेवटचं मागणं. आज या मांडवातून घरी जाल, तेव्हा आपल्या राहुटीतलं कोण आज आलं नाही ते आठवा. त्याला आज रात्री फोन करा. फोन लागला नाही तर उद्या सकाळी पायात चपला घाला.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! शांतिब्रह्म एकनाथ महाराज की जय! रामकृष्ण हरी!